लाटेतून परत येताना

शनिवारी पहाटे साडेपाचला ला होया शोअर्सवर आलात तर आम्ही दिसू. आम्ही म्हणजे कयाकवरून मासे पकडणारे. सॅन डिएगोत अव्हेनिदा दे ला प्लाया नावाचा रस्ता जिथे संपतो, तिथे गाडी थेट वाळूवर नेता येते. शिवाय किनाऱ्याजवळच समुद्राच्या तळाला खोल दरी आहे, त्यामुळे मोठ्या माशांसाठी फार लांब जावं लागत नाही. लगतच्या सागरी राखीव क्षेत्रात २०१२ पासून मासेमारीला बंदी आहे, तेवढं ओलांडून पुढे वल्हवायचं.

आठवडाभर ऑफिसात बग पकडायचे आणि वीकेंडला मासे, असा आपला कार्यक्रम. (दोन्हीकडे सापडणाऱ्यांपेक्षा निसटणारेच जास्त. असो.)

जाताना काही प्रश्न नसतो. किनारा रिकामा, लाईफगार्डचा टॉवर बंद. खरी गंमत परत येताना. अकरापर्यंत तिथे जत्रा भरलेली असते. पोहणारे, सर्फर, डायव्हिंग शिकणारे, भाड्याच्या कयाकमधले पर्यटक आणि बोगी बोर्डवाली चिल्लीपिल्ली. काळ्या-पिवळ्या चौकटींचे झेंडे रोवून लाईफगार्ड पोहणाऱ्यांची जागा वेगळी करतात. पहिलं वर्षभर मला हे लोक अगदी क्यूए टीमसारखे वाटायचे. आपलं काम झालेलं असतं, आणि हे आपले आडवे उभे!

मग गेल्या सप्टेंबरात व्हायचं ते झालं. एक मस्त यलोटेल मिळाला होता, ऊन चढलं होतं. प्रवाहाने मला झेंड्यांच्या आतल्या बाजूला ढकललं होतं, आणि पुन्हा शंभरेक मीटर वल्हवायचा मी कंटाळा केला. लाटा तर लहानच दिसत होत्या.

मागून आलेल्या लाटेने कयाकचं शेपूट उचललं, पुढचं टोक पाण्यात रुतलं आणि कयाक आडवी झाली. एकदा आडवी झाली की वल्ह्याचा काही उपयोग नाही. सामानासकट चाळीसेक किलोचं ते धूड लाट नेईल तिकडे जातं. त्यावर दोन रॉड उभे, आणि प्रत्येकाला तीन टोकांचा गळ लटकलेला. मी पडलो. डोकं वर काढलं तर समोर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, कमरेएवढ्या पाण्यात, कयाककडे नुसती बघत उभी. लाईफगार्ड तोवर पाण्यात आली होती. तिने मुलीला उचलून बाजूला ओढलं, आणि कयाक दोन हातांवरून निघून गेली.

मला वाटलं, आता दंड. तिने आधी विचारलं, "तुला लागलंय का?" मग रॉडकडे बघून, "गळ काढून का नाही ठेवलेस?" मला उत्तर नव्हतं. मुलीच्या आईकडे बघवेना. यलोटेल केव्हाच समुद्रात परत गेला होता. त्याचं मला काहीच वाटलं नाही, यावर बायकोचा अजून विश्वास बसत नाही.

पुढच्या शनिवारी टॉवरवर जाऊन माफी मागितली. म्हटलं, तुम्हाला इथून काय दिसतं? ती दहा मिनिटं बोलली, पण डोळे एकदाही पाण्यावरून हलवले नाहीत. म्हणाली, तुम्ही लांबून ठिपक्यासारखे दिसता. तो ठिपका कुठे वळणार ते कळत नाही, आणि मला सगळं पाणी सोडून तुमच्याकडेच बघत बसावं लागतं. मग आमचं ठरलं: गळ काढून रॉड आडवे बांधायचे, लाटा फुटतात त्याच्या बाहेर थांबायचं, वल्हं वर करायचं. तिने हात केला की यायचं.

बरोबरच्या एक-दोघांना हे फारच शाळकरी वाटतं. "आपण काय परवानगी मागायची?" वगैरे. त्यांना मी ती मुलगी दाखवू शकत नाही.

काल वल्हं वर केलं, पण तिचा हात काही वर येईना. कुणाच्या तरी पायाला पाकटाने काटा मारला होता. ती त्याला वाळूवरून टॉवरकडे नेत होती, गरम पाण्यात पाय बुडवायला. तिच्या जागी दुसरा लाईफगार्ड यायला वेळ लागला. मासा उन्हात होता. मी थांबलो.