टेबलावरची तिसरी जागा

इम्प्रेशनिझम म्हटलं की मोने, रेन्वार, देगा ही नावं चटकन ओठांवर येतात. सगळी पॅरिसची माणसं! पण १८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला या मंडळींचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्या तिसेक चित्रकारांत अठ्ठावीस वर्षांचा एक इटालियन तरुणही होता. नाव जुझेप्पे दे नित्तिस. खुद्द देगानं त्याला आग्रहानं बोलावून घेतलं होतं.

हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. माझीही त्याच्याशी ओळख झाली ती एका चित्रसंग्रहात छापलेल्या त्याच्या एका चित्रामुळे. त्या चित्राबद्दल सांगायचंच आहे, पण आधी त्याच्या माणसाबद्दल. कारण माणूस कळला, की ते चित्र वेगळंच दिसू लागतं.

इटलीच्या दक्षिणेला एड्रियाटिक समुद्राच्या काठी बार्लेत्ता नावाचं गाव आहे. २५ फेब्रुवारी १८४६ रोजी दे नित्तिस तिथे जन्मला. आईवडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं आणि आजी-आजोबांनी त्याला वाढवलं. चित्रकला शिकायला तो नेपल्सच्या कलाशाळेत गेला खरा, पण शिस्तीशी त्याचं जमेना. १८६३ मध्ये बेशिस्तीचा ठपका ठेवून शाळेनं त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. वय अवघं सतरा!

शाळा सुटली आणि आभाळ मोकळं झालं. दोन-चार समविचारी मित्रांबरोबर तो नेपल्सजवळच्या उघड्या माळावर, समुद्रकाठी बसून चित्रं काढू लागला. देवदेवतांचे आणि राजेरजवाड्यांचे प्रसंग त्याला नको होते. धुळीचा रस्ता, त्यावर पडलेलं ऊन, ढगांची सावली हे त्याचे विषय. उजेड कसा पडतो आणि हवा कशी बदलते, हे तो तिथेच शिकला. पुढे त्याच्या कामी आलं ते हेच शिक्षण.

विशीतच त्यानं पॅरिस गाठलं. १८६९ मध्ये लेओन्तीन ग्रुव्हेल या फ्रेंच मुलीशी लग्न केलं. लेओन्तीन त्याची बायको, त्याची मॉडेल आणि त्याच्या संसाराचा कणा. तिचा चेहरा त्याच्या चित्रांत पुनःपुन्हा भेटतो. कधी बर्फात, कधी बागेत, कधी दिव्याच्या मंद उजेडात.

फ्रान्स-प्रशिया युद्धानंतरच्या काळात तो इटलीत परतला होता. १८७२ च्या एप्रिलमध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला. लोक जीव मुठीत धरून पळत होते आणि हा गडी ते सगळं रंगांत पकडत होता! राखेच्या पावसात रस्त्यावरून पळणारी माणसं त्यानं रंगवली. त्याच वर्षी पॅरिसच्या ‘सालों’ या सरकारमान्य वार्षिक प्रदर्शनात त्याचं ब्रिंदिसीच्या रस्त्याचं चित्र गाजलं. पांढराशुभ्र तळपता रस्ता आणि त्यावरून जाणारी एक घोडागाडी, एवढंच चित्र. पण बघताना डोळे दिपावेत असं ऊन!

गुपिल या तेव्हाच्या बड्या चित्रव्यापाऱ्यानं त्याच्याशी करार केला. पैसा आला, पण अटीही आल्या. गिऱ्हाइकाला जुन्या काळचे भरजरी पोशाख घातलेली माणसं हवी असत. दे नित्तिसचा जीव मात्र रस्त्यावरच्या चालत्याबोलत्या माणसांत. शेवटी तो करार मोडला. १८७४ मध्ये तर त्यानं कमालच केली. सालोंमध्येही चित्र लावलं आणि सालोंशी फारकत घेणाऱ्या इम्प्रेशनिस्टांबरोबरही! बंडखोरांबरोबर मात्र तो पुन्हा कधी दिसला नाही. त्यांच्या नंतरच्या सात प्रदर्शनांत त्याचं चित्र नाही.

याची किंमत त्याला मोजावी लागली, पण ती मेल्यानंतर. हयातीत त्याला यश भरपूर मिळालं. लंडनच्या धुक्यातलं वेस्टमिन्स्टर आणि तिथल्या पुलाच्या कठड्याला टेकलेले कामकरी त्यानं रंगवले. पॅरिसच्या पिरॅमिड चौकाचं चित्र काढताना जळालेल्या राजवाड्याच्या दुरुस्तीसाठी बांधलेल्या पराती आणि त्यावर चिकटवलेल्या जाहिरातीही सोडल्या नाहीत. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं, फ्रान्स सरकारचा मोठा सन्मानही मिळाला. पण पुढे कलेचा इतिहास लिहिला गेला तो बंडखोरांचा. दोन्ही दारांत पाय ठेवणाऱ्याला त्यात जागा कुठली? इटलीला तो फ्रेंच वाटला, फ्रान्सला इटालियन.

आता त्या चित्राकडे येऊ. नाव ‘बागेतली न्याहारी’. साल १८८४. झाडांच्या सावलीत टेबल मांडलंय. त्यावर पांढरं कापड, काचेची आणि चिनी मातीची भांडी. पलीकडे हिरवळीवर ऊन पसरलंय आणि बदकं हिंडताहेत. टेबलाशी लेओन्तीन बसलीय आणि शेजारी त्यांचा मुलगा झाक. आणि आपल्या बाजूला एक तिसरी जागा. कप आहे, चुरगळलेला नॅपकिन आहे, माणूस नाही.

ही जागा कुणाची, हे सांगायला नको. तो उठलाय आणि समोर उभा राहून चित्र काढतोय.

आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये वडिलांचे फोटो जेमतेम चार-पाच आहेत. कॅमेरा त्यांच्या हातात असायचा ना! सहलीच्या फोटोंत आई आहे, आम्ही भावंडं आहोत, डबे उघडून मांडलेली सतरंजी आहे. क्वचित खालच्या कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याची लांबट सावली पडलीय, तेवढीच त्यांची हजेरी. लहानपणी मला त्याचं काही वाटत नसे. आता मात्र तो अल्बम चाळताना जाणवतं, की प्रत्येक फोटोत ते आहेतच. आई जिच्याकडे बघून हसतेय, ती नजर त्यांचीच आहे.

दे नित्तिसच्या चित्रातही तेच आहे. आईबापाविना वाढलेल्या एका पोरानं आयुष्यात जे कमावलं, ते या चित्रात टेबलावर मांडलंय. पदकं नाहीत, सन्मान नाहीत. बायको, मुलगा, सकाळची न्याहारी आणि त्यात आपली स्वतःची एक जागा. ती जागा रिकामी ठेवली म्हणूनच बाकीचं सगळं त्याला डोळे भरून बघता आलं.

२१ ऑगस्ट १८८४ रोजी पॅरिसजवळच्या सें-जर्में-आँ-ले इथे त्याचा आकस्मिक मृत्यू झाला. वय अवघं अडतीस. चित्र त्याच वर्षीचं, म्हणून त्यात मृत्यूची चाहूल शोधण्याचा मोह होतो. पण तसं मानायचं काही कारण नाही. चित्र आनंदाचंच आहे. फक्त त्यातली तिसरी जागा तेव्हा काही क्षणांपुरती रिकामी होती, ती कायमची रिकामी झाली.

लेओन्तीन त्याच्यामागे जवळजवळ तीस वर्षं जगली. तिच्याकडे त्याची चित्रं होती. ती पॅरिसची, तिचं सगळं आयुष्य पॅरिसचं. पण १९१३ मध्ये ती गेली, तेव्हा आपल्याजवळची त्याची चित्रं तिनं बार्लेत्ता गावाच्या नावे केली होती. नवऱ्यानं तरुणपणी सोडलेलं, दूर दक्षिणेतलं ते किनाऱ्यावरचं गाव! आईबाप हरवलेलं ते मूल जिथे वाढलं, तिथे तिनं त्याला परत पोहोचवलं.

आज तिथल्या डेला मारा या जुन्या वाड्यात त्याचं संग्रहालय आहे. जगालाही तो उशिरा का होईना आठवतोय. २०१० मध्ये पॅरिसला आणि २०२२ मध्ये वॉशिंग्टनला त्याची मोठी प्रदर्शनं झाली. ‘बागेतली न्याहारी’ मात्र बार्लेत्ताच्या संग्रहातलं. लेओन्तीननं दिलेल्या चित्रांपैकीच ते एक. त्या चित्रासमोर जो कुणी उभा राहतो, तो नेमका तिथेच उभा असतो, जिथून दे नित्तिसनं आपल्या माणसांकडे पाहिलं होतं. आणि लेओन्तीन अजून तिथेच, त्या टेबलाशी बसून आहे.