दमा, धास्ती आणि शस्त्रक्रियेची तारीख

दम्याच्या रुग्णाची ठरवून करायची शस्त्रक्रिया आणि आणीबाणीत करावी लागणारी शस्त्रक्रिया यांत मोठा फरक असतो तो वेळेचा. हर्निया, पित्ताशयातले खडे, गर्भाशय, गुडघा, मोतीबिंदू, मुलांचे टॉन्सिल्स ही कामे बहुतेक वेळा चार-सहा आठवडे पुढे ढकलता येतात. रुग्णाची सुरक्षितता भूल देण्याच्या दिवशी जेवढी ठरते, त्याहून अधिक ती या आधीच्या आठवड्यांत ठरते. आणि हेच आठवडे बहुधा चाचण्यांचे कागद गोळा करण्यात आणि काळजी करण्यात निघून जातात.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते आणि झटका नसतानाही ती पूर्ण ओसरलेली नसते. अशा नलिका धूर, धूळ, थंड हवा, विषाणू यांपुढे निरोगी नलिकांपेक्षा लवकर आणि जास्त आखडतात. संपूर्ण भूल देताना श्वासनलिकेत घातली जाणारी नळी याच हळव्या अस्तराला घासते. भूल पुरेशी खोल नसताना नळी गेली, तर नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. भूलतज्ज्ञाच्या हातातली पिशवी दाबायला जड लागते, छातीत शिट्टीसारखा आवाज येतो आणि मॉनिटरवर उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख सपाट माथ्याऐवजी तिरका चढू लागतो. याला ब्राँकोस्पाझम म्हणतात.

हा धोका किती मोठा, याचे उत्तर रुग्णांना सहसा कोणी आकड्यात देत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया झालेल्या ७०६ दमेकऱ्यांच्या नोंदी तपासून १९९६ साली प्रसिद्ध केल्या. त्यांत ब्राँकोस्पाझम झाला तो १२ जणांना, म्हणजे शेकडा दोनांपेक्षाही कमी. त्रास झाला तो मुख्यतः अशांना, ज्यांचा दमा नुकताच उसळला होता, ज्यांना अलीकडे दम्याची औषधे घ्यावी लागली होती किंवा दम्यासाठी दवाखाना गाठावा लागला होता. म्हणून ‘दमा आहे का’ यापेक्षा ‘गेल्या महिन्यात दमा कसा होता’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस धाप लागली का, रात्री खोकल्याने जाग आली का, आरामाचा पंप दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, जिना चढणे किंवा घरातली कामे टाळावी लागली का, या चार उत्तरांतून जे कळते ते छातीच्या एक्स-रेतून कळत नाही. दमेकऱ्याचा एक्स-रे बहुधा स्वच्छच असतो.

कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आला आणि त्याच्याबरोबर एक चुकीचा दिलासाही आला. बोटावर ९८ दिसले की दमा ठीक, असे मानले जाते. दम्यात ऑक्सिजन उतरतो तो उशिरा. तोवर रुग्ण जास्त कष्टाने श्वास घेऊन आकडा टिकवून धरत असतो. नलिका अरुंद होऊ लागल्याचे आधी कळते ते पीक फ्लो मीटरवर. ब्रिटिश शास्त्रज्ञ मार्टिन राइट यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुढे आणलेले हे साधन आज हातात मावते आणि फार महागही नाही. जोरात एक फुंकर मारायची, तीनदा, आणि सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवायचा. ज्याचा स्वतःचा उत्तम आकडा ४०० आहे, त्याचा रोजचा आकडा ३२०च्या, म्हणजे ८० टक्क्यांच्या खाली जाऊ लागला, तर छाती ऐकायला स्वच्छ असली तरी नलिकांचे बिघडायला लागलेले असते. दोन आठवड्यांची अशी वही भूलतज्ज्ञापुढे ठेवणारा रुग्ण क्वचित भेटतो. जो भेटतो, त्याची तयारी निम्मी झालेली असते.

सर्दी-खोकला झाल्यावर तारीख पुढे ढकलली जाते, त्यामागेही नलिकांचे हेच न दिसणारे बिघडणे आहे. विषाणूने सोलवटलेले अस्तर ताप उतरल्यावरही चार ते सहा आठवडे चिडलेले राहते. महाराष्ट्रात दिवाळीची सुट्टी पाहून शस्त्रक्रिया ठरवण्याची रीत आहे. मुलांच्या शाळा बंद असतात, गावाकडून कोणीतरी सोबतीला येऊ शकते. दम्याच्या दृष्टीने मात्र हे दिवस वाईट. घराची झाडलोट, माळ्यावरची धूळ, पहाटेचा गारवा, रंगाचा वास आणि फटाक्यांचा धूर एकाच पंधरवड्यात येतात. मुलांच्या हाती निर्धास्तपणे दिली जाणारी नागगोळी आवाज करत नाही, पण पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या मोजणीत, तपासलेल्या प्रकारांपैकी तिच्याच धुरात सूक्ष्म कण सर्वाधिक आढळले होते.

तारीख हुकेल या भीतीने खोकला लपवणे हा या सगळ्यातला सर्वांत घातक प्रकार आहे. रजा मंजूर झालेली असते, विम्याची मंजुरी आलेली असते, सासूबाई नातवंडांना सांभाळायला येऊन राहिलेल्या असतात. मग आदल्या रात्री खोकल्याचे औषध घेऊन, सकाळी ‘काही त्रास नाही’ असे सांगितले जाते. ही अडचण खरी आहे आणि तिला रुग्णाचा बेजबाबदारपणा म्हणणे अन्यायाचे आहे. रुग्णालयांनी तारीख देतानाच ‘खोकला झाला तर ती बदलेल, त्यात तुमचा दोष नाही’ एवढे सांगितले, तर लपवालपवी पुष्कळ कमी होईल. तारीख पुढे ढकलणे हाही उपचारच आहे.

आता धास्तीकडे. विसाव्या शतकाच्या मध्यावर मनोविश्लेषणाच्या प्रभावाखाली दम्याकडे मनात दाबलेल्या रडण्याचा आविष्कार म्हणून पाहिले गेले. शिकागोचे फ्रान्झ अलेक्झांडर हे या मताचे नावाजलेले पुरस्कर्ते. त्या सिद्धान्ताने दम्याच्या मुलांच्या आयांवर विनाकारण ठपका आला आणि सुजेवरचे उपचार मागे पडले. आज तो सिद्धान्त टिकलेला नाही, पण ‘मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य घराघरांत टिकून आहे. दम्याचे मूळ मनात नाही. मात्र मनाचा हात नलिकांपर्यंत पोहोचतो, आणि याचा पुरावा अगदी ठोस आहे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे केलेल्या आणि १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० दमेकऱ्यांना मिठाच्या साध्या पाण्याचे तुषार हुंगायला दिले आणि त्यांना ज्याचे वावडे तोच पदार्थ त्यात आहे, असे सांगितले. १९ जणांच्या श्वासनलिका मोजता येईल इतक्या आखडल्या, त्यांपैकी १२ जणांना खरा झटका आला. नंतर तेच पाणी औषध म्हणून दिल्यावर नलिका सैल झाल्या. पुढच्या प्रयोगात मज्जातंतूचा संदेश रोखणारे अ‍ॅट्रोपिन आधी दिले असता हा परिणाम अडला. म्हणजे भीतीचा संदेश मेंदूतून व्हेगस या मज्जातंतूवाटे नलिकांच्या स्नायूंपर्यंत जातो. घाबरलेल्या दमेकऱ्याची धाप खोटी नसते.

तरीही घबराटीची धाप आणि दम्याची धाप ओळखता येणे उपयोगाचे आहे. घबराटीत श्वास भराभर घेतला जातो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते; पीक फ्लोचा आकडा मात्र बहुधा टिकून असतो. दम्यात श्वास सोडणे लांबते, घरघर आणि खोकला असतो, आकडा पडतो आणि आरामाच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलने सुधारतो. गुंतागुंत अशी की भराभर श्वास घेण्याने दमेकऱ्याच्या नलिकाही आखडू शकतात, आणि साल्ब्युटामॉलने हात थरथरतात, छाती धडधडते. ती धडधड भीतीची समजून रुग्ण आणखी घाबरतो. शंका असेल तेव्हा दमा मानूनच उपचार करावेत. नाकाने हळू श्वास घेऊन ओठ चंबूसारखे करून दुप्पट वेळ सोडत राहणे दोन्हींत चालते, पण ही सवय आधीच्या आठवड्यांत लागलेली हवी. भस्त्रिका, कपालभाती असे जोराचे प्रकार छाती भरलेली असताना करू नयेत.

शस्त्रक्रियेआधी दम्याचे पंप बंद करावेत, असे सांगणारे नातेवाईक पुष्कळ असतात, आणि खेदाची गोष्ट म्हणजे अधूनमधून डॉक्टरही असतात. ‘पंपाची सवय लागते’, ‘त्यात स्टिरॉइड असते, जखम भरणार नाही’ ही दोन वाक्ये जेवढे दमेकरी अडचणीत आणतात तेवढे क्वचितच दुसरे काही आणत असेल. रोजच्या पंपातल्या बुडेसोनाइड या स्टिरॉइडचे दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.४ मिलिग्रॅम. झटका आल्यावर प्रेडनिसोलोनची गोळी दिली जाते ती बहुधा दिवसाला ४० मिलिग्रॅम, म्हणजे वजनाने शंभर पट. वजनाची ही तुलना पुरती न्याय्य नाही, कारण बुडेसोनाइड वजनाच्या मानाने अधिक प्रभावी असते. पण त्याचा गिळला गेलेला भाग यकृत पहिल्याच फेरीत सुमारे ९० टक्के निकामी करते. म्हणून शरीरभर पोहोचणारी मात्रा अगदी थोडी उरते. चूळ भरली तर आणखी कमी.

उलट फक्त आरामाच्या पंपावर राहणे हेच धोक्याचे आहे. दम्याविषयी जगभरच्या तज्ज्ञांची ‘जिना’ ही संघटना मार्गदर्शक सूचना काढते. प्रौढांनी आणि कुमारवयीनांनी फक्त साल्ब्युटामॉलसारख्या पंपावर विसंबू नये, असे तिने २०१९ साली स्पष्ट केले. जर्मन भूलतज्ज्ञांनी २००४ साली दाखवून दिले की उपचार न झालेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेआधी पाच दिवस नुसते साल्ब्युटामॉल देण्यापेक्षा त्याला स्टिरॉइडच्या गोळ्यांची जोड दिली, तर नळी घातल्यानंतरची घरघर फारच कमी होते. दमा ताब्यात नसेल तर असा छोटा कोर्स देणे योग्य आहे, आणि जखम चिघळण्याची भीती त्याला अडसर होऊ नये. सूज हा आजार आहे. नलिकेचे आवळणे हा त्याचा परिणाम. परिणामावरचे औषध चालू आणि आजारावरचे बंद, हा उलटा हिशेब कोणी केला तरी तो उलटाच राहतो.

स्टिरॉइडविषयी खरी काळजी वेगळी आहे. गेल्या सहा महिन्यांत दोन आठवड्यांहून अधिक काळ गोळ्या घेतल्या असतील, किंवा पंपाची मोठी मात्रा दीर्घकाळ चालू असेल, तर अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावलेली असू शकते. शस्त्रक्रियेच्या ताणात तिने पुरवायचे संप्रेरक कमी पडते आणि रक्तदाब कोसळतो. त्यासाठी हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून दिले जाते. हे वेळेवर कळण्यासाठी रुग्णाने सर्व सांगायला हवे, अगदी गावच्या वैदूकडून आणलेली दम्याची पुडीसुद्धा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे, आणि ‘मी तर काहीच इंग्रजी औषध घेत नाही’ म्हणणारा रुग्ण नकळत वर्षानुवर्षे ते घेत असू शकतो.

धास्तीवर औषध म्हणजे आदल्या रात्रीची झोपेची गोळी, हा समज जुना आहे आणि त्याचे खंडनही जुनेच आहे. बोस्टनमध्ये एगबर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली झोपेच्या औषधाची तुलना भूलतज्ज्ञाच्या आदल्या दिवशीच्या भेटीशी केली. औषधाने रुग्ण पेंगले, पण शांत झाले ते भेटीने. फ्रान्समध्ये हजारावर रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोराझेपाम या गुंगीच्या औषधाने रुग्णांचे समाधान वाढले नाही, नळी काढायला मात्र उशीर झाला. दमेकऱ्यात गुंगीच्या औषधाने श्वास मंदावण्याची चिंता वेगळीच. एवढे पुरावे असूनही पुष्कळ ठिकाणी रुग्ण भूलतज्ज्ञाला पहिल्यांदा पाहतो तो थिएटरच्या दारात, स्ट्रेचरवर आडवा असताना. याने रुग्णाचे आणि भूलशास्त्राचेही नुकसान होते.

भीती मोजण्यासाठी अ‍ॅम्स्टरडॅममध्ये १९९६ साली तयार झालेली सहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे: चार प्रश्न काळजीचे, दोन माहितीच्या गरजेचे. ते दोन विसरता कामा नयेत. काहींना नळी, मुखवटा, जाग येणे सगळे क्रमाने ऐकायचे असते. काहींना एवढेच हवे असते की ‘श्वासाकडे शेवटपर्यंत कोणीतरी लक्ष देत असेल’. दमेकऱ्याची सर्वांत खोल भीती बहुधा गुदमरण्याची असते आणि ती त्याने आयुष्यात प्रत्यक्ष अनुभवलेली असते. म्हणून तिला ‘घाबरू नका’ हे उत्तर नाही. झटका आला तर कोण काय करील, हे सांगणे हे उत्तर आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी उपाशीपोटी राहायचे असते: घन अन्न सहा तास आधीपासून बंद, साधे पाणी दोन तास आधीपासून. पंप हे अन्नही नाही आणि पाणीही नाही. तो सकाळी नेहमीसारखा घ्यायचा, आणि आरामाच्या पंपाचे दोन-चार फवारे थिएटरमध्ये जाण्याआधी वीस-तीस मिनिटे, शक्यतो स्पेसर या पंपाला जोडायच्या नळकांड्यातून. पंप पिशवीत सोबत न्यायचा, घरी कपाटात ठेवायचा नाही. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब डोळ्यांत घातले जात असतील तर तेही सांगायचे. डोळ्यातून शोषलेले औषध नलिका आवळू शकते.

भूल देण्याच्या पद्धतीत निवड असते. प्रोपोफॉल आणि केटामिन ही भुलीची औषधे नलिकांना मानवतात, सेव्होफ्ल्युरेन त्या सैल करते, डेसफ्ल्युरेन चिडवते. शक्य तिथे श्वासनलिकेत न उतरणारा लॅरिंजियल मास्क वापरतात. कमरेतून दिलेली भूल नळी टाळते म्हणून बरेचदा बरी. पण ती छातीपर्यंत चढली तर धाप वाढते, आणि दोन तास सपाट पडून राहणे भेदरलेल्या, खोकणाऱ्या रुग्णाला जमत नाही. ‘दमा आहे, म्हणजे कमरेतलीच भूल’ हा नियम नाही.

शस्त्रक्रियेनंतरचा धोका वेदनाशामकांत दडलेला असतो. अ‍ॅस्पिरिनचे वावडे असलेला दमा प्रौढ दमेकऱ्यांपैकी साधारण सात टक्क्यांत आढळतो, नाकात कोंब असणाऱ्यांत अधिक. अशांना डायक्लोफिनॅक किंवा केटोरोलॅक दिले तर तासाभरात तीव्र झटका येऊ शकतो. पॅरासिटामॉल बहुतेकांना नेहमीच्या मात्रेत चालते. मात्र वेदना दाबायलाच हवी. पोट दुखते म्हणून खोकणे टाळले की कफ साचतो. डोक्याकडची बाजू उंच ठेवणे, लवकर उठून बसणे, तीन चेंडूंच्या यंत्रावर श्वास ओढणे हे सगळे आधी शिकवलेले असेल तरच दुखत असताना जमते.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर कोणते वेदनाशामक घ्यायचे नाही, स्टिरॉइड किती दिवस दिले आणि रोजचा पंप त्याच मात्रेत चालू आहे, या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. पीक फ्लोची वही आणखी दोन आठवडे चालवायची, आणि टाके काढायला येताना सोबत आणायची.