खामगाव : कापसाच्या वाटेवरचे एक गाव

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे निघालेल्या आपल्या कोकणातील बंधू-भगिनींच्या गाडीला भुसावळ सोडल्यावर मलकापूर, नांदुरा आणि मग जलंब ही स्थानके लागतात. जलंबला फारसे कोणी उतरत नाही. त्यापुढचे शेगाव मात्र सर्वांना ठाऊक असते. याच जलंबहून एक छोटी रेल्वे लाइन फुटते आणि १३ किलोमीटरवर खामगावला संपते. त्यापुढे ती कोठेच जात नाही. ती टाकली गेली ती मुख्यतः कापसासाठी. आपल्या समाजाच्या इतिहासाचे एक पान या लाइनीखाली दडलेले आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

खामगाव हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. सभोवार काळी कसदार जमीन. दसऱ्याच्या सुमारास पऱ्हाटीची बोंडे फुटू लागतात आणि आपल्या तांबड्या मातीला सरावलेल्या डोळ्यांना ते काळ्यावरचे पांढरे चांदणे नवलाचे वाटते. साधारण १८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी येथे तूप, सूत व कापसाची दुकाने मांडली. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावर यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. खामगाव वऱ्हाडातील कापसाची सर्वांत मोठी पेठ बनले. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी स्वतः येऊन या लाइनीचे उद्घाटन केले. एवढ्याशा फाट्यासाठी खुद्द व्हाइसरॉय येतो, यावरून त्या वेळच्या कापसाचे मोल ओळखावे.

आता यातील खरी गोष्ट सांगतो. रेल्वे आल्यावर काय व्हावे, हे त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या अहवालात उघड लिहून ठेवले होते. रेल्वेने विलायती कापड खामगावात स्वस्त येईल, देशी कापड मागे पडेल, येथे सूत काढण्यात खर्च होणारा कापूसही निर्यातीला मिळेल, आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील, असा त्यांचा हिशेब होता. हे हात कोणाचे होते? त्यांत कोष्टी होते, साळी होते, आणि जाडेभरडे कापड विणणारे पूर्वाश्रमीचे महारही होते. गावकीच्या वेठीबाहेर स्वतःच्या हुनरावर चार पैसे मिळवण्याचा तो एक मार्ग होता. तो मोडला. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली, तेव्हाही वऱ्हाडातून कापसाच्या गाठी आणि धान्य बाहेर जातच होते.

हाच कापूस पुढे मुंबईच्या गिरण्यांतही गेला, आणि तेथे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे उभी होती. परळ-लालबागच्या चाळींत ज्यांचे वडील-आजोबा राहिले, त्यांना हे सांगायला नको. परंतु गिरणीतही विणाईखात्याचे दार आपल्याला बंद होते. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडचे सूत चालणार नाही, अशी सवर्ण कामगारांची हरकत. जास्त पगार मात्र त्याच खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला, तेव्हा कोठे त्यांनी नाखुशीने तो आपल्या मागण्यांत घातला. म्हणजे पहा, खामगावच्या टोकाला माग गेला आणि मुंबईच्या टोकाला साचा मिळाला नाही. एकाच कापसाच्या दोन्ही टोकांना आपलीच माणसे होती आणि दोन्हीकडे त्यांच्या वाट्याला हलके काम आले.

असे फक्त वऱ्हाडातच घडले असे नव्हे. मध्य आशियात, आजच्या उझबेकिस्तानात, रशियाच्या झारने आणि पुढे सोव्हिएत सरकारने कापसाचाच ध्यास घेतला. कोरड्या माळरानात कालवे खोदून नवी शहरे वसवली गेली. १९५७ साली वसलेले यांगियेर हे त्यांपैकीच एक. आपल्याप्रमाणे तेथेही कापसाला ‘पांढरे सोने’ म्हणतात. हंगामात विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना सक्तीने वेचणीला धाडले जाई. ती पद्धतशीर सक्ती संपल्याचे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२२ साली जाहीर केले. नद्यांचे पाणी कापसाकडे वळवल्याने अरल समुद्र आटला. त्याच देशात तिरमिझजवळ कुषाणकाळातील बौद्ध विहारांचे अवशेष आहेत, हे आपल्या मुलाबाळांना आवर्जून सांगावे. राजा कोणीही असो, पांढऱ्या सोन्याची झळाळी वेचणाऱ्याच्या घरी क्वचितच पोचते.

खामगावच्या परिसरात आजही वेचणी प्रामुख्याने बायाच करतात. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकायचे, वाळल्या बोंडाच्या टोकांनी बोटे सोलून घ्यायची, आणि मजुरी किलोवर. एक क्विंटल कापसातून रुई निघते साधारण ३४ किलो. बाकी बहुतेक सरकी. जिनिंगमध्ये रुईचे तंतू नाकातोंडात जातात. शासनाने १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली, पुढे तीही मागे पडली. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या आपण वाचतो आणि मन विषण्ण होते. पण जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या वेचणाऱ्या बाईचे दुःख कोणत्या यादीत लिहायचे?

कोकणात आपल्या मानेवर खोत होता. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. जमीन कसणाऱ्याची आणि मजुरी घाम गाळणाऱ्याची, ही शिकवण भातखाचराला लागू आहे तशी पऱ्हाटीलाही आहे.

म्हणून दीक्षाभूमीला जाताना मुलांना खिडकीशी बसवावे. वऱ्हाडात आपली बौद्ध वस्ती मोठी आहे. जमल्यास परतताना जलंबला उतरून खामगावला जावे, तेथील बांधवांना भेटावे आणि वेचणीचा भाव काय, शेत कोणाच्या नावावर, मुलगी कितवीत शिकते, एवढे तरी विचारावे. विहारात वंदनेला जाताना आपण पांढरी वस्त्रे नेसतो. त्यातले सूत कोणाच्या बोटांतून आले, हे ठाऊक असणे ही देखील धम्माचीच जाण आहे.

जयभीम!