शेवाळलेली काच

मासे पाळण्याची हौस मला कधीच नव्हती. चार वर्षांपूर्वी मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला गेला आणि त्याची चार फुटी काचपेटी आमच्या बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाशेजारी राहून गेली. तिच्यात सहा केशरी मासे होते. दुकानदार त्यांना ‘ऑरेंज क्रोमाइड’ म्हणतात. शोभेचे मासे म्हणजे परदेशी, अशी माझी समजूत होती. हे मात्र केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यातले आणि श्रीलंकेतले. गोव्यात ज्याला काळुंदर म्हणतात आणि केरळात करिमीन, त्याचे हे धाकटे भाऊबंद. बोटभर लांबीचा, कुशीवर काळा ठिपका असलेला हा जीव पाहून त्याच्या अंगी संताप असेल असे कोणालाही वाटणार नाही.

बरेच दिवस सारे सुरळीत चालले. मग मागच्या पावसाळ्यात दोघांची जोडी जमली. या जातीत नर-मादी नुसत्या रूपावरून ओळखणे कठीण. जोडी जमल्याचे आम्हाला कळले ते उरलेल्या चौघांच्या अवस्थेवरून. पेटीच्या डाव्या कोपऱ्यात मुलाने मंगलोरी कौलाचा एक तुकडा तिरपा ठेवला होता. दोघे तो तोंडाने घासून स्वच्छ करू लागले. प्रथम त्या कौलापुरती त्यांची सत्ता होती. आठवड्याभरात ती अर्ध्या पेटीवर पसरली आणि पुढे पेटीत परका प्रदेशच उरला नाही. चौघे पर फाटलेल्या स्थितीत, पाण्याच्या पृष्ठभागालगत, फिल्टरच्या नळीआड दाटीवाटीने उभे राहत. अन्न टाकले तरी खाली येण्याचे धाडस करीत नसत.

दुकानदाराने तीन उपाय सांगितले. दगडांची मांडणी बदला, म्हणजे मालकीची खूण पुसली जाते. झाडे दाट लावा, म्हणजे पळणाऱ्याला दृष्टीआड होता येते. नाहीतर वरच्या थरात पोहणाऱ्या चपळ माशांचा थवा सोडा, म्हणजे राग एकाच्याच वाट्याला न येता वाटला जातो. मी दगड हलवले. दोन दिवस शांतता लाभली, तिसऱ्या दिवशी सीमा पुन्हा आखल्या गेल्या. शेवटी मला सुचला तो सर्वांत सरळ मार्ग मी पत्करला. चौघांना काढून गॅलरीतल्या टबात हलवले आणि जोडप्याला त्यांचे राज्य देऊन टाकले. पीडितांची सुटका केल्याचे समाधान मला त्या रात्री लाभले, हे कबूल केले पाहिजे.

ते फार टिकले नाही. चारच दिवसांत त्या दोघांतला मोठा (त्यालाच मी नर समजत होतो) धाकटीच्या मागे लागला. तिच्या शेपटीचा पर चिरला गेला. ज्या नळीआड ते चौघे दडत, तिच्याआड आता ती एकटी दिसू लागली.

तेव्हा कोनराड लोरेंत्स यांचे आक्रमकतेवरील पुस्तक कपाटातून काढले. मूळ जर्मन ग्रंथ १९६३चा. तरुणपणी रद्दीच्या दुकानात इंग्रजी अनुवाद मिळाला होता आणि अर्धाच वाचून ठेवला होता. सिक्लिड कुळातील जोड्यांविषयी त्यांनी नेमके हेच लिहिले आहे. नराचा राग मादीच्या रोखाने उसळतो, पण तिला टाळून शेजाऱ्यावर जाऊन आदळतो. शेजारीच नसेल तर तो वळायला जागा उरत नाही. म्हणून पेटीत काचेची भिंत घालून पलीकडे दुसरे मासे ठेवावेत. त्या काचेवर शेवाळ दाटले की नर आपल्या जोडीदारणीशी उद्धटपणे वागू लागतो आणि त्यावरूनच काच पुसायची वेळ झाल्याचे कळते, असेही ते सांगतात. आमच्या याच जातीतील एकाकी जोड्यांच्या प्रजननावर ॲन रासा यांचा १९६९चा स्वतंत्र अभ्यासही आहे.

माशांवरून माणसांकडे उडी घेण्याचा लोरेंत्स यांचा उत्साह मला पटत नाही. ते १९३८ साली नाझी पक्षात गेले होते आणि १९७३ साली नोबेलचे मानकरी झाले; प्राणिस्वभावाची उपमा माणसाला लावताना हात का आखडावा, याचे दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही. तथापि काच मात्र मी आणली.

चौघांना तिच्यापलीकडे सोडले आणि घटकेभरात तो मोठा काचेशी जाऊन भिडला. धाकटी नळीआडून बाहेर आली. पत्नी शेजारी भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, “तुमचे ते गेले तेव्हापासून आपल्या घरातही काच नाही.”

‘ते’ म्हणजे माझे प्रतिपक्षी समीक्षक. कलाकृतीच्या स्वायत्ततेवरून आम्ही तीस वर्षे भांडलो. प्रत्येक चर्चासत्राहून मी त्यांच्याविषयीचा संताप घेऊन घरी येई. पत्नी चहा ठेवी, माझी बाजू घेई, आणि तो संताप आम्हा दोघांचा होई. मी २०२० साली निवृत्त झालो. पुढच्या वर्षी ते गेले. त्यानंतर मी आमटीतल्या मिठावरून, वर्तमानपत्राच्या घडीवरून, पंख्याच्या वेगावरून बोलू लागलो होतो. मला वाटे, हे वय. पत्नीने या साऱ्याचा हिशेब ठेवला होता, आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती. मी काही उत्तर दिले नाही. देण्याजोगे नव्हतेच.

महिन्याभरात कौलावर अंडी दिसली. दोघे आळीपाळीने परांनी त्यांना वारा घालीत. पुढे पिल्ले आईबापांच्या अंगावरचा चिकट थर टिपून खाऊ लागली, तेव्हा त्या मोठ्याची सोशिकता पाहून मी चकित झालो. दर रविवारी मी काच पुसतो. विसरलो, तर पत्नी नुसते “काच” एवढेच म्हणते. ती कोणत्या काचेविषयी बोलते, हे मी विचारीत नाही.

“पण त्या चौघांचं काय?” तिने एकदा विचारले. “जन्मभर त्यांनी शत्रू म्हणूनच उभं राहायचं?” लोरेंत्स यांच्या पुस्तकातही मला याचे उत्तर सापडले नव्हते.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या बाजूला दोघांनी एक चपटा दगड तोंडाने घासायला घेतला आहे. उरलेले दोघे वर, कोपऱ्यात. गॅलरीतला टब मी पुन्हा भरून ठेवला आहे.