मोळूची गिनती

फौजेत बदलीचा हुकूम आला की घरातल्या सामानाचे आपोआप तीन भाग पडतात. काळ्या ट्रंकेत जाणारं, विकून टाकायचं आणि शेजाऱ्याकडे सोपवायचं. पहिल्या दोन भागांत फार काही नवल नसतं. तिसऱ्यात मात्र काय येईल सांगता येत नाही. कूलर, तुळशीची कुंडी, कोंबड्या, कुत्रा. जोधपूरला एका गढवाली हवालदाराने निघताना माझ्या हातात दूधवाल्याच्या उधारीची वही ठेवली होती.

२०१४च्या जूनमध्ये आम्ही आसामात होतो, ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठाला, तेजपूरच्या बाजूला. शेजारचे केरळी सुभेदार साहेब लडाखमध्ये उंचावर निघाले. तिथे कुटुंब नेता येत नाही, म्हणून वहिनी आणि नऊ वर्षांची लेक गावी जाणार. गुवाहाटीहून विवेक एक्स्प्रेस, म्हणजे आपल्या देशातली सर्वांत लांब पल्ल्याची गाडी. केरळपर्यंत तीन दिवस. तीन दिवस प्लास्टिकच्या पिशवीत मासे जगत नाहीत, हे त्या पोरीला तिच्या बापाने आधीच समजावून सांगितलं होतं. म्हणून तीन फुटांची काचपेटी, सव्वाशे लिटर पाणी आणि तेवीस मासे आमच्या बाहेरच्या खोलीत आले.

तिला घरात मोळू म्हणत. मल्याळममध्ये लेकीला लाडाने म्हणतात तसं. आम्हीही मोळूच म्हणायचो. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला रीतसर चार्ज दिला. आठ गप्पी, सहा झेब्रा, चार काळ्या मॉली, आसामातल्याच ओढ्यांतले दोन खलिहना, पट्ट्यापट्ट्यांचे दोन बोटिया (तिकडे त्यांना रानी म्हणतात) आणि एक तळहाताएवढा एंजल. एंजलचं नाव जनरल. मग म्हणाली, ‘अंकल, मी दर रविवारी फोन करीन. तुम्ही गिनती द्यायची.’

गिनती काय असते ते फौजी वाचकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. संध्याकाळी सगळे जवान उभे करून मोजतात, कोण हजर, कोण रजेवर, कोण दवाखान्यात. सुभेदाराच्या पोरीला हे माहीत असणारच. जून, जुलै, ऑगस्ट, दर रविवारी फोन यायचा आणि मी सांगायचो, ‘तेवीस. सब हाजिर.’ तिकडून बारीक आवाजात, ‘ठीक है, साब.’ सौ. एकदा म्हणाली, ‘अहो, ती माशांची गिनती घेतेय असं वाटतं का तुम्हाला?’ वाटत नव्हतं. तिच्या बापाचा फोन पंधरा-पंधरा दिवस लागत नसे.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी पहाटे पीटीला निघताना दिवा लावला तर पाण्यावर चार झेब्रा आणि एक मॉली तरंगत होती. आदल्या रात्री मी ड्युटीवर होतो, त्यामुळे काय घडलं ते पाहिलेलं नव्हतं. उरलेले काही वर येऊन तोंड उघडझाप करत होते, काही तळाशी.

अशा वेळी माणसाला दोन गोष्टी कराव्याशा वाटतात. सगळं पाणी ओतून पेटी घासून काढणं, नाहीतर हाताला लागेल ते औषध टाकणं. दोन्ही टाळलेली बरी. सगळं पाणी एकदम बदललं तर जे जगलेत त्यांनाही तो धक्का सोसत नाही. शिवाय फिल्टरच्या स्पंजात जे उपयोगी जिवाणू असतात, जे माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून होणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी असं नायट्रेट करतात, ते घासण्यात मरतात. मी मेलेले काढले आणि पाव हिस्सा पाणी बदललं. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, रोग आहे, निळं औषध आणि मीठ टाका.

रोग मला पटेना. रोगाने मासा आधी अंगावर काहीतरी दाखवतो, ठिपके, कापसासारखी बुरशी, कुजलेले पर. आणि रोग एका रात्रीत दोन वेगवेगळ्या जातींना असा उचलत नाही. रात्रीत पाच गेले म्हणजे गडबड पाण्यात किंवा हवेत. तरी चिमूटभर मीठ टाकलं, दुकानदाराचा मान म्हणून. निळं औषध नाही टाकलं.

रविवारी फोन आला. सुभेदार साहेबांशी आदल्या दिवशी योगायोगाने बोलणं झालं होतं, ते म्हणाले होते, ‘तेवीसच सांगा साहेब, लहान आहे.’ सौ.चं म्हणणं उलट. मी फोन घेतला आणि अठरा सांगितले. थोडा वेळ काही आवाज नाही. मग तिने नावानिशी विचारलं, कोण कोण. मी सांगितलं. ‘जनरल?’ ‘हाजिर.’ मग विचारलं, ‘कशाने?’ मी म्हटलं, शोधतोय, कळलं की तुला रिपोर्ट देतो.

त्यामुळे शोधणं भाग झालं.

पहिला संशय पाण्यावर. आसामात जमिनीतल्या पाण्यात लोह भरपूर. बादली भरून ठेवली की तासाभरात पिवळट तांबूस होते, पांढरे कपडे दोन महिन्यांत चहाच्या रंगाचे. असं पाणी न निवळता टाकलं तर लोह कल्ल्यांवर बसतं. वर टाकी साफ करताना ब्लीचिंग पावडर पडते, आणि क्लोरीन माशाला थोडंही चालत नाही. पण मी पाणी ड्रममध्ये एक दिवस ठेवून, वरचं निवळ तेवढंच वापरत होतो, आणि त्या शुक्रवारच्या आधी सहा दिवस पेटीत नवं पाणी पडलंच नव्हतं. पाणी सुटलं.

दुसरा संशय प्राणवायूवर. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तीसला साडेसात. सप्टेंबरात पेटीतला थर्मामीटर तीसच्या आसपास असायचा. रात्री लाईट जाऊन बुडबुड्यांचा पंप बंद पडला असेल तर? जनरेटरवाल्याची वही पाहिली. त्या रात्री लाईट गेलीच नव्हती. आणि दुसरं, हे मला खटकत राहिलं होतं, खलिहना. तो गुरामी जातीचा. त्याच्या डोक्यात असा एक अवयव असतो की तो पाण्यावर येऊन सरळ हवा गिळतो. भाताच्या शेतातल्या गढूळ डबक्यात तो मजेत राहतो. प्राणवायू कमी पडला असता तर झेब्रा मेले असते आणि खलिहना वर येऊन हवा घेत बसला असता. दोन्ही खलिहना तळाशी कलंडलेले होते. हवेवर जगू शकणारा मासा हवा घ्यायला वरच येत नाही म्हणजे त्याला हवेची नाही, दुसरीच कसली तरी बाधा.

अमोनियासाठी तेजपूरहून थेंबांची तपासणी आणली. परीक्षानळीत पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. आमचं पिवळंच, अगदी पुसट हिरवी झाक. तीही पाच मेलेले मासे काही तास पाण्यात होते त्याने येऊ शकते, म्हणजे ते कारण नव्हे, परिणाम. तांबं? तांब्याने आधी गोगलगायी मरतात. आमच्या पेटीतल्या गोगलगायी काचेवर चढून शेवाळ खात होत्या, जसं काही झालंच नाही.

पुढच्या शुक्रवारी सगळे ठणठणीत. श्रेय मिठाला गेलं. दुकानदार खूश, रविवारची गिनती अठरा.

त्याच्या पुढच्या गुरुवारी मी घरी होतो. संध्याकाळी सहा-साडेसहाला झेब्रा वेड्यासारखे धावायला लागले. काचेवर आपटायचे, गोल गिरक्या घ्यायचे, मग अंग आखडून खाली. मॉलींचा तोल गेला. नऊपर्यंत सात गेले. उरलेले दोन झेब्रा, दोन मॉली, दोन गप्पी आणि एक खलिहना. जनरल आडवा पडून एकच पर हलवत होता. गोगलगायी काचेवर.

गुदमरलेला मासा असा नाचत नाही. हे मज्जातंतूंवरचं विष होतं. पण आलं कुठून? खिडकीत पंप होता. तो पाण्याच्या पातळीच्या वरच ठेवावा लागतो, नाहीतर लाईट गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं, म्हणून मोळूच्या बापाने स्वतःच तो खिडकीच्या कट्ट्यावर बसवून दिला होता. तो जाळीतून हवा ओढतो आणि पाण्यात सोडतो, चोवीस तास. सौ.ने तो उचलला, खालची फेल्टची छोटी गादी काढून हुंगली आणि म्हणाली, ‘अहो, याला गाडीचा वास येतोय.’

मग तिनेच सगळं जुळवलं. गुरुवारी पाच वाजता ती वाळत घातलेले कपडे घाईने आत घेते, कारण धूरवाले येतात आणि कपड्यांना डिझेलचा वास लागतो. गेल्या गुरुवारी पाऊस होता, धूरवाले आलेच नव्हते. आणि पूर्वी ते मोठ्या रस्त्यावरून गाडीतून धूर सोडत जायचे. सप्टेंबरात आमच्या ओळीत मलेरियाची केस निघाली, तेव्हापासून एक जवान मशीन खांद्याला लावून क्वार्टरांच्या मागे, नाल्याच्या कडेने, बरोबर आमच्या खिडकीखालून जायला लागला.

धूर सोडणारे चूक करत होते असं मी मुळीच म्हणणार नाही. पूर्वेकडे ज्याने नोकरी केली त्याला मलेरिया म्हणजे काय ते माहीत आहे. दिवस मावळला की बाह्या खाली, रात्री मच्छरदाणी, त्याची तपासणी, आणि त्यात कसूर झाली तर जवाब द्यावा लागतो. सेरिब्रल मलेरियाने गेलेला तेवीस वर्षांचा पोरगा मी बघितला आहे. डासांपुढे माशांचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. पण धुरात जे पायरेथ्रॉइड जातीचं औषध असतं ते माणसाचं शरीर लवकर मोडून बाहेर टाकतं, माशाला ते जमत नाही. कल्ल्यांतून ते सरळ आत जातं. आमचा पंप तो धूर गोळा करून पाण्यात विरघळवत होता.

रात्रीच अर्धं पाणी बदललं. ड्रम भरलेला होता म्हणून जमलं. सकाळी परत पाव हिस्सा. गुवाहाटीला जाणाऱ्या एका जवानाकडून फिल्टरात घालायचा सक्रिय कोळसा मागवला, तो असलं विष धरून ठेवतो. दोन दिवसांनी राहिलेली मॉली गेली. जनरल तिसऱ्या दिवशी सरळ झाला, पाचव्या दिवशी खायला लागला.

शनिवारी मलेरिया स्क्वाडच्या हवालदाराला भेटलो. ओडिशाचा, शांत माणूस. त्याने डबा आणून लेबल दाखवलं. माशांना विषारी, स्पष्ट लिहिलेलं. म्हणाला, ‘साहब, इसीलिए तो जिस नाले में हम गप्पी छोड़ते हैं, वहाँ धुआँ नहीं मारते।’ डासांच्या अळ्या खायला हीच मंडळी नाल्यात गप्पी सोडतात, हे मला ठाऊक होतं, पण कधी जोडून पाहिलं नव्हतं. ठरलं असं की गुरुवारी निघायच्या आधी तो मला मिस्ड कॉल देईल. मग आम्ही पंप बंद करून आतल्या खोलीत नेतो, खिडक्या लावतो, पेटीवर ओली चादर, तासाभराने सगळं उघडतो. तासभर पंप नसला तर काही बिघडत नाही. लागोपाठचे तीन गुरुवार धूर झाला आणि एकही मासा गेला नाही. पाणी प्रयोगशाळेत पाठवलं नव्हतं, पुरावा म्हणाल तर एवढाच.

ज्यांच्या घरी मासे आहेत त्यांनी झुरळांचा स्प्रे, डासांच्या अगरबत्त्या आणि भिंतीत खुपसायची ती बाटली यांच्याकडेही याच नजरेने बघावं. औषधं त्याच घराण्यातली. आणि हाताला डासांचं मलम लावून पेटीत हात घालू नये.

रविवारी मोळूला दहा सांगितले आणि रिपोर्ट दिला, खिडकी, पंप, धूर, सगळं. ती मध्येच थांबवून विचारायची, ‘पण खलिहना का मेला?’, ‘गोगलगाय का नाही?’ माझ्यापेक्षा चांगली चौकशी घेतली तिने. शेवटी म्हणाली, ‘पपा जिथे आहेत तिथे डास नाहीत ना?’ मी म्हटलं, तिथे डास नाहीत. ते खरं होतं.

पंप तेव्हापासून आतल्या खोलीतच राहिला, लांब नळी लावून. गप्पी महिन्या-महिन्याला पिल्लं देतात, आमच्या सहाचे जानेवारीपर्यंत साठच्या वर झाले. हवालदार एका सकाळी झाकणाची बादली घेऊन आला, नव्या नाल्यासाठी मागायला. चाळीस दिले. त्या रविवारी गिनती एकदम खाली आली म्हणून मी मोळूला कारण सांगितलं. ती म्हणाली, ‘अंकल, कमी नका करू. टीडीवर गेलेत म्हणून लिहा.’