आधी वारा, मग विस्तव

मोटारीच्या मागे जोडून न्यायच्या घराला अमेरिकेत 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणतात. आपल्याकडच्या फिरत्या सर्कशीतल्या मंडळींची चाकांवरची बिऱ्हाडे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना त्याची थोडी कल्पना येईल. आत झोपायची सोय असते, वीतभर न्हाणीघर असते, गॅसची शेगडी असते. आणि एखाद्या कपाटाच्या तळाशी, नजरेआड, एक फर्नेस असते. फर्नेस म्हणजे घर ऊबदार ठेवणारी भट्टी. ती नीट चालते तोवर तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. ती रुसली म्हणजे मात्र सारे घर तिच्यापुढे हात जोडून बसते.

आमच्यावर ही वेळ आली ती २०२३ च्या ऑक्टोबरात, ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर. मुलगी, जावई, चार वर्षांची नात, सौ. आणि मी, असे पाच जण भाड्याचा ट्रेलर घेऊन निघालो होतो. तो काठ समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फूट उंच. दुपारी नुसत्या सदऱ्यावर हिंडावे आणि दिवस मावळताच दातांवर दात वाजू लागावेत, असा तिथला प्रकार. मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये पाइनच्या झाडांखाली आमची दुसरी रात्र होती. तिथे ट्रेलरला बाहेरून वीज मिळत नाही. दिवे, पाण्याचा पंप, पंखा, जे काय चालायचे ते ट्रेलरमधल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर.

जावईबापूंनी भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा काटा सरकवला. कपाटात घरघर सुरू झाली. जमिनीलगतच्या जाळीतून वारा येऊ लागला; पण गार! दहा मिनिटे झाली तरी गारच. बंद करून पुन्हा लावले; पुन्हा तेच. नात जाळीसमोर हात धरून बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, हे नुसतं फुंकर घालतंय. मला कुठं भाजलंय?"

आम्ही हसलो खरे, पण तिचे नाक लाल झाले होते आणि बाहेर पारा गोठणबिंदूकडे निघाला होता. गॅस संपला म्हणावे, तर शेगडी भरभरून पेटत होती. ते पाहून जावईबापू म्हणाले, "बाबा, शेगडीच ठेवू या का पेटवून? दारं-खिडक्या लावून घेतल्या की तासाभरात घर तापेल." मुलगी मात्र तोवर शेजारच्या ट्रेलरचे दार ठोठावून आली होती. तिच्या मागोमाग एक सत्तरीच्या बाई आत आल्या. एका कुत्र्याच्या सोबतीने त्या वर्षातले कित्येक महिने अशाच हिंडत असत. आत येताच त्यांनी पहिले काम केले, ते शेगडीची कळ फिरवून ती विझवण्याचे.

"थंडीने तुम्ही रात्रभर कुडकुडाल," त्या म्हणाल्या, "पण सकाळी उठाल."

त्यांच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. शेगडीची ज्योत खोलीतलाच प्राणवायू खाते आणि तिचा धूरही खोलीतच राहतो. हवा अपुरी पडू लागली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो, आणि माणूस झोपेतच जातो. उत्तर हिंदुस्थानात खोली बंद करून पेटती शेगडी उशाशी घेऊन निजलेल्या माणसांच्या अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. आपल्याकडेही बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरने असेच घात केले आहेत. बाईंनी भिंतीवरच्या कार्बन मोनॉक्साइडच्या सूचकाचे बटण दाबून तो ओरडतो आहे याची खात्री करून घेतली आणि मगच फर्नेसकडे वळल्या.

त्यांनी पेचकस काढला नाही की झाकण उघडले नाही. जमिनीवर मांडी घातली, डोळे मिटले आणि एखाद्या वैद्याने नाडी पाहावी तशा त्या ऐकत बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पंखा फिरतोय. पण ठिणगीची टिकटिक नाही. म्हणजे ही अजून पेटायला तयारच झालेली नाही."

मग त्यांनी सांगितलेला क्रम मला एखाद्या पूजाविधीसारखा वाटला. थर्मोस्टॅटने हाक दिली की आधी नुसता पंखा सुरू होतो. त्याच्या झोतात शिडासारखी एक पातळ पट्टी असते. तिला 'सेल स्विच' म्हणतात. वारा पुरेसा जोरदार असेल तरच ती ढकलली जाते आणि विजेचा मार्ग जुळतो. भट्टी फाजील तापलेली नाही ना, हे दुसरा एक स्विच पाहतो. आत साचलेला गॅस निघून जावा म्हणून आणखी काही सेकंद थांबायचे. मग गॅसची झडप उघडते, ठिणगी पडते, ज्योत लागते. ज्योत लागल्याचे कळले नाही तर झडप पुन्हा बंद. बहुतेक फर्नेस तीनदा प्रयत्न करतात आणि मग मुकाट्याने थांबतात.

आपण दिवा वाऱ्यापासून जपतो. ओंजळीचा आडोसा करून तुळशीपर्यंत नेतो. ही भट्टी मात्र वारा आल्याशिवाय पेटायचे नावच घेत नाही! पण त्याला कारण आहे. त्या एकाच मोटरवर दोन पंखे असतात. एक ज्योतीला बाहेरची हवा पुरवतो व धूर बाहेर घालवतो. दुसरा खोलीतली हवा भट्टीच्या तापलेल्या पत्र्यावरून फिरवतो. आपल्या तांब्याच्या बंबात विस्तव मधल्या नळीत आणि पाणी तिच्याभोवती असते. दोघांची गाठ कधी पडत नाही. इथे पाण्याच्या जागी हवा, एवढाच फरक. वारा मंद असताना विस्तव पेटला, तर तो पत्रा फाजील तापून तडकेल आणि नको तो धूर घरात शिरेल. म्हणून आधी वारा, मग विस्तव.

"माझ्या भट्टीत एकदा कुत्र्याच्या केसांचा गुंता त्या पट्टीत अडकला होता," बाई सांगत होत्या. "एकदा बाहेरच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. पण तुमच्या पंख्याचा सूरच खाली आहे." त्यांनी मल्टिमीटर बॅटरीला लावला. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. आमची पंखा चालू असताना १०.४ दाखवत होती. म्हणजे गॅस होता, ठिणगी होती, भट्टीही धडधाकट होती. कमी पडत होता तो फक्त पंख्याचा दम.

त्यांनी आपल्याकडची जादा बॅटरी रात्रीपुरती देऊ केली. जावईबापूंनी ती उचलून आणली, जोडली. थर्मोस्टॅट पुन्हा लावताच घरघरीचा सूर चढला. आम्ही सारे श्वास रोखून मोजत होतो. पंधराच्या सुमारास टिकटिक झाली, 'भप्' असा आवाज आला आणि जाळीतून ऊब येऊ लागली. नातीने टाळ्या पिटल्या. त्या बाईंना सौ.ने डब्यातल्या चकल्या दिल्या. "या तर फर्नेसच्या स्प्रिंगसारख्या दिसतात," म्हणत त्यांनी एक तिथेच फोडली.

रात्री मला दोनदा जाग आली. भट्टी मधून मधून सुरू होई, थांबे. प्रत्येक वेळी तोच क्रम: वारा, टिकटिक, ऊब. संध्याकाळी आम्ही तिला हट्टी म्हणत होतो. खरे तर ती एकटीच आमची राखण करत होती. पेटण्याइतकेच न पेटणे हेही तिचे कामच होते.

पुण्याला परतल्यावर मी हे सारे सौ.ला पुन्हा एकदा रंगवून सांगितले आणि म्हणालो, "यंत्र अडून बसलं की त्याला चापट मारू नये, ते कशासाठी थांबलंय, ते आधी विचारावं."

ती दिवाळीच्या करंज्या भरत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि मी गप्प बसले, की मलाही असंच विचारत जा हं!"