प्लाकाच्या पुळणीसमोर

मराठी शिकवणाऱ्या माणसाचे ग्रीसच्या क्रीट बेटावर काय काम, असे आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांनी विचारून घेतले. काम काहीच नव्हते. हिला समुद्र पाहायचा होता आणि मला क्नॉसोसचा राजवाडा.

तर वाचकहो, राजवाडा पाहावा, पण सकाळी लौकर. नंतर ऊन सोसवत नाही. सर आर्थर इव्हान्स यांनी १९०० साली तेथे खोदकाम सुरू केले आणि पडलेले खांब काँक्रीटने उभे करून तांबडे रंगवले. जाणकार नाके मुरडतात. मला मात्र त्या रंगामुळेच साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे ते घर घरासारखे वाटले. पुळणींचे म्हणाल, तर पश्चिमेकडे एलाफोनिसीच्या वाळूला शिंपल्यांच्या चुऱ्याने गुलाबी झाक आली आहे. पूर्वेला वाई येथे खजुरीचे बनच समुद्राला भिडले आहे. ते पाहून ही म्हणाली, "गुहागर पाहायला एवढ्या लांब आलो का?"

प्लाकाला गेलो ते केवळ डुंबायला. तेथे वाळू नाही, गोटे आहेत. पण पाणी असे निवळ, की तळचा गोटा न् गोटा मोजावा. समोरच स्पिनालोंगा. व्हेनिसच्या लोकांनी १५७९ साली तेथे किल्ला बांधायला घेतला. १९०३ पासून १९५७ पर्यंत महारोग्यांना तेथे नेऊन ठेवीत.

लाँच थोड्याच वेळात पोचते. अंधाऱ्या बोगद्यातून आत शिरायचे. त्याला लोकांनी दांतेचे नाव दिले आहे. आत मात्र नरक नाही, चक्क गाव आहे. गल्ली, दुकाने, चर्च, धुणे धुण्याच्या जागा. १९३६ साली आलेल्या एपामिनोंडास रेमुंडाकिस या कायद्याच्या विद्यार्थ्याने रोग्यांचे मंडळ उभारले. घरांना चुना लागला, नाटके झाली. बंदी असूनही लग्ने लागली.

माझ्या आजीच्या भावाला हा रोग होता. ओढ्यापलीकडे खोपटात राहायचा. औषध तेव्हाही होते. पण ओढा ओलांडून ते नेणार कोण? आजी दगडावर भाकरी ठेवून मागे सरे. एकदा त्याने मला विचारले, "बाळ, कितवीत आहेस?" मी उत्तर न देताच पळालो. पुढच्या पावसाळ्यात तो गेला.

हे मी हिलाही कधी सांगितले नव्हते. तिथल्या एका उंबऱ्यावर बसून सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नाव काय होते त्यांचे?"

घरात त्याला नावाने कोणी हाक मारीत नसे. मला सांगता आले नाही.

खालून लाँचवाल्याच्या हाका सुरू झाल्या. जाणाऱ्यांनी परतीची शेवटची लाँच केव्हा सुटते ते आधी विचारून घ्यावे. रात्री त्या बेटावर कोणी राहत नाही.